वहीची साक्ष

तालुक्याच्या गावी दिवाणी न्यायालयात उधारीच्या वसुलीचा एक दावा चालू होता. वादी सिमेंट, पत्रे आणि लोखंडी सामान विकणारा दुकानदार. प्रतिवादी त्याचाच जुना गिऱ्हाईक असलेला बांधकाम-ठेकेदार. मागणी दीड लाखाच्या घरातली. वादीने खतावणी हजर केली. प्रतिवादीच्या वकिलाने चार पाने उलटली, वही खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि शांतपणे विचारले की, जून ते ऑगस्टच्या नोंदी एकाच लेखणीने, एकाच शाईने, जणू एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसतात, त्या केव्हा लिहिल्या? दुकानदार सरळ मनाचा होता. "माल जायचा तेव्हा चिठ्ठीवर टिपून ठेवायचो, साहेब. वहीत मागाहून सवडीने चढवलं." "आणि त्या चिठ्ठ्या?" "वहीत चढवल्यावर कशाला ठेवायच्या? टाकून दिल्या."

माल खरोखर गेला होता याविषयी माझ्या मनात शंका नव्हती, आणि बहुधा न्यायासनावरील गृहस्थांच्या मनातही नसावी. परंतु खरे असणे आणि शाबीत होणे या दोन गोष्टींमध्ये जी दरी असते, तीवरचा एकुलता एक पूल त्या दुकानदाराने आपल्याच हाताने केराच्या टोपलीत टाकला होता. छोट्या व्यावसायिकाने जमाखर्च चोख का ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'कर भरण्यासाठी' असे दिले जाते, आणि ते अपुरे आहे. करवसुली हे वहीचे एक प्रयोजन झाले. परंतु पुरावा, मुदत, भागीदारी, वारसा, विमा आणि फौजदारी या कायद्याच्या निरनिराळ्या दालनांत हीच वही निरनिराळ्या वेषांत उभी राहते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची किंमत एकाच कसोटीवर ठरते, ती अशी की, ही नोंद तंटा उपस्थित होण्यापूर्वी, व्यवहाराच्या ओघात झाली होती काय?

दंगा आणि दफ्तर

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास रक्तरंजित नसला तरी धुराने काळवंडलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी रयतेने सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हा वणवा पसरला. या दंग्याचे लक्षात घेण्याजोगे वैशिष्ट्य असे की, जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता, तो त्याच्या दफ्तरावर होता. रोखे आणि खाती ताब्यात घेऊन जाळणे हेच बहुतेक ठिकाणी मुख्य कार्य होते. निरक्षर कुणब्याला कायद्याची कलमे ठाऊक नव्हती. पण आपली जमीन कोर्टात कोणत्या कागदाच्या बळावर जाते, हे त्याला अनुभवाने पक्के कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली. ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही दिला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने आणि त्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने हाच धागा पुढे नेला. जी वही एका पक्षाच्या हातचे शस्त्र होती, तिला दोन्ही पक्षांसमोर उघडे होणे भाग पडले. आजच्या किराणा दुकानदाराची किंवा वर्कशॉपवाल्याची गोष्ट सावकाराहून वेगळी असली, तरी न्यायालय त्याच्या वहीकडे ज्या सावध नजरेने पाहते, तिच्या मुळाशी हाच संशय आहे: जो लिहितो, तो स्वतःच्या लाभासाठीच लिहीत असावा.

एकटी वही पुरेशी का नाही

हा संशय १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमात अत्यंत मोजक्या शब्दांत ग्रथित झाला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २८ व्या कलमात तो तसाच उतरला आहे. कलमाला दोन अंगे आहेत. पहिले अंग व्यापाऱ्याच्या बाजूचे: धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी, मग त्या कागदावर असोत वा संगणकात, पुराव्यात ग्राह्य आहेत. वस्तुतः कोणी आपल्याच हाताने लिहिलेला मजकूर आपल्याच बाजूने पुढे करावा, ही गोष्ट कायद्याला सहसा मानवत नाही. व्यापाऱ्याच्या वहीला मात्र त्याने ही सवलत दिली. दुसरे अंग लगाम खेचणारे: केवळ अशा नोंदींच्या आधारावर कोणावरही देण्याची जबाबदारी लादता येणार नाही.

हा लगाम किती घट्ट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून दिसते. चंद्रधर गोस्वामी विरुद्ध गौहाटी बँक या खटल्यात बँकेसारख्या संस्थेलाही सांगण्यात आले की, नाकारलेली रक्कम खरोखर दिली गेली हे खात्याच्या उताऱ्यापलीकडच्या पुराव्याने दाखवावे लागेल. हवाला प्रकरणातील व्ही. सी. शुक्ला यांच्या १९९८ च्या निवाड्यात न्यायालय 'वही' या शब्दाच्याच तळाशी गेले. पाने सहज सुटी होणार नाहीत अशी बांधणी असली तर ती वही, फाइलीत खोवलेले सुटे कागद म्हणजे वही नव्हे, असा त्याचा आशय होता. ज्या दुकानात महिन्याचा हिशेब टाचणीला टोचलेल्या चिटोऱ्यांवर चालतो, तेथे या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा.

परंतु यावरून चिठ्ठी निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे म्हणजे निवाड्याचा विपर्यास होईल. चिठ्ठी ही वही नव्हे. मात्र ती वहीची सोबतीण आहे. एकट्या वहीने जबाबदारी लादता येत नसेल, तर तिला दुजोरा देणारा पुरावा लागतो, आणि तो नेमका या क्षुल्लक भासणाऱ्या कागदांतच असतो: माल उतरवून घेताना ठेकेदाराच्या मुकादमाने चलनावर केलेली सही, टेंपोवाल्याची भाडेपावती, वजनकाट्याची चिठ्ठी, "उद्या वीस गोणी पाठवा" असा फोनवर आलेला निरोप. कीर्द सांगते की माल गेला. चलन सांगते की तो पोहोचला. नियमितपणाचा अर्थही याच प्रकाशात घ्यावा. कलम रोजच्या रोज लिहा असे म्हणत नाही, ठरलेल्या पद्धतीने आणि अखंडपणे लिहा एवढेच त्याला अभिप्रेत आहे. तथापि व्यवहार आणि नोंद यांच्यामध्ये जितके दिवस शिरतात, तितका विश्वास पातळ होत जातो.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशातील १७ वा नियम या संदर्भात वाचण्यासारखा आहे. दावा दुकानाच्या वहीवर आधारलेला असेल, तर वादीने वही आणि संबंधित नोंदीची नक्कल दोन्ही हजर करावीत, न्यायालयाने नोंदीवर खूण करून नकलेशी ताडून पाहावी आणि वही परत द्यावी, असा त्याचा मथितार्थ. वहीवाचून उद्या दुकान उघडणार नाही, याची जाण असलेल्या कोणा व्यवहारज्ञ माणसाच्या हातचा हा नियम असावा असे वाटते.

मुदतीचा हिशेब

येणे खरे असूनही बुडते, त्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे मुदत. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, उधारीची निश्चित मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा माल दिल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. आणि येथे तारीख ही प्रत्येक खेपेची निराळी. पाच वर्षे चालत आलेल्या उधारीच्या खात्यात वरून नवी खेप चढली म्हणून खालची जुनी खेप जिवंत राहत नाही. आडत्या आणि व्यापारी यांच्यासारखे दोन्ही बाजूंनी परस्पर देणे-घेणे असलेले चालू खाते असेल, तर मात्र ज्या वर्षी शेवटची शाबीत नोंद पडली त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षे मोजली जातात. आपले खाते यांपैकी कोणत्या जातीचे, हे खतावणीच्या पानावरच ठरते.

मुदत नव्याने सुरू करण्याचे दोन मार्ग याच कायद्यात आहेत, आणि दोन्हींत जमाखर्चाची शिस्त निर्णायक आहे. १८ व्या कलमाप्रमाणे मूळ मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, तर तेथून नवी मुदत धावू लागते. आपल्याकडच्या पेढ्यांवर वर्षाअखेर गिऱ्हाइकाला बोलावून, खात्याखाली बाकी लिहून, 'बाकी कबूल' म्हणून त्याची सही घेण्याची जी 'रुजू खात्या'ची पद्धत होती, ती निव्वळ रीतभात नव्हती. तिच्यात मुदतीच्या कायद्याचे मर्म होते. आजचे बाकीपुष्टीचे पत्र हा तिचाच वंशज. १९ व्या कलमाचा मार्ग अंशतः भरण्याचा. पण त्यातील अट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भरणा झाल्याचा लेख देणेकऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीचा असावा लागतो. गिऱ्हाइकाने दिवाळीला पाच हजार रोख दिले आणि दुकानदाराने ते आपल्या कीर्दीत इमानेइतबारे जमा केले, तरी त्या जमेने मुदत वाढत नाही. तेच पाच हजार सहीनिशी धनादेशाने आले असते, तर वाढली असती.

धनादेश न वटल्याच्या फिर्यादीतही हाच अनुभव येतो. धनादेश देणे फेडण्याकरिताच दिला होता असे अनुमान कायदा फिर्यादीच्या बाजूने करतो खरे; पण बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा या २०१९ च्या निर्णयानंतर, एवढी रक्कम उसनी देण्याची ऐपत फिर्यादीपाशी होती काय, हा प्रश्न आरोपीच्या वकिलाच्या ओठावर तयारच असतो. त्याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. ते खात्यात आणि विवरणपत्रात असावे लागते.

करकायद्याची वही

कराच्या कायद्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून येथे केवळ दोन मुद्दे विस्ताराने घेतो. पहिला मुद्दा एका गैरसमजाचा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४४ अेडी कलमाने दोन कोटींपर्यंत, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या आठ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा धरून कर भरण्याची आणि त्यापुरती विहित हिशेबवह्या न ठेवण्याची सवलत दिली. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी अनुमानित नफ्याची ही पद्धत गेलेली नाही. या सवलतीचा अर्थ 'आता वही लिहायला नको' असा सर्रास लावला जातो. परंतु आयकर खात्याने वही माफ केली म्हणजे दिवाणी न्यायालयाने, विमा कंपनीने किंवा भागीदाराने ती माफ केली असे नव्हे. शिवाय उलाढाल अमुक इतकीच होती, हे तरी कशावरून दाखवावयाचे?

दुसरा मुद्दा वस्तू व सेवा कराचा. २०१७ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमाने नोंदणीकृत व्यापाऱ्याला आवक, जावक, साठा, भरलेला व वजावटीस घेतलेला कर यांचा खरा हिशेब धंद्याच्या जागी ठेवण्यास सांगितले, आणि ३६ व्या कलमाने तो वार्षिक विवरणाच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपण्यास सांगितले. खरी तेढ वजावटीच्या कराची आहे. हा लाभ हक्काने मागता येतो, पण त्याचा सिद्धिभार मागणाऱ्यावर असतो. कर्नाटकाच्या जुन्या मूल्यवर्धित कर कायद्याखालील इकॉम गिल कॉफी ट्रेडिंगच्या २०२३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, बीजक दाखवले आणि पैसे धनादेशाने दिले एवढ्याने भागत नाही. माल खरोखर आला हे दाखवणारे वाहतुकीचे व पोचीचे कागद हवेत. म्हणजे ठेकेदाराविरुद्धच्या दाव्यात जे चलन उपयोगी पडते, तेच येथे करअधिकाऱ्यासमोर उपयोगी पडते. कागद एकच, न्यायपीठे दोन.

याच कराच्या नियमावलीतील ५६ वा नियम मला विशेष मार्मिक वाटतो. नोंद खोडरबराने पुसू नये, खरवडू नये, तिच्यावर गिरवू नये. चूक झाल्यास ती सहीनिशी एका रेघेने छेदून बरोबर नोंद नव्याने करावी. आणि हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या व वगळलेल्या प्रत्येक नोंदीचा मागोवा जपावा. जुन्या पेढीवरचा दिवाणजी नव्या गुमास्त्याला पहिल्या दिवशी हेच सांगत असे. चूक झाकलेली वही संशयास पात्र होते. चूक दाखवून दुरुस्त केलेली वही विश्वासास.

विलंबाने मिळणाऱ्या पैशाबाबत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने दिलेले संरक्षणही अखेर तारखेवर येऊन टेकते. नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाला व सेवादात्याला ४५ दिवसांच्या आत मोबदला न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागता येते. पण हे ४५ दिवस मोजावयाचे ते माल वा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून. आणि तो दिवस ज्याच्या दफ्तरात नाही, त्याच्या हातात हक्क आहे आणि त्याचा आरंभबिंदू नाही, अशी विचित्र अवस्था होते.

घरातले आणि पेढीतले

तंटा नेहमी बाहेरच्यांशीच होतो असे नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याने भागीदारांवर एकमेकांना खरा हिशेब देण्याचे बंधन घातले आणि प्रत्येक भागीदाराला पेढीच्या वह्या पाहण्याचा व नकला घेण्याचा हक्क दिला. दोन भावांनी मिळून काढलेल्या छापखान्यात पहिली दहा वर्षे हा हक्क कोणाच्या ध्यानातही येत नाही; घरखर्च आणि धंद्याचा खर्च एकाच गल्ल्यातून होतो, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पुढे एका भावाच्या मुलाचे लग्न, दुसऱ्याचे आजारपण, आणि मग कोणी किती उचलले हा प्रश्न, असा क्रम ठरलेला आहे. त्या दिवशी उचल खाते वेगळे लिहिलेले असेल तर हिशेब होतो, नसेल तर भांडण होते.

मालकाच्या पश्चात वही त्याच्या वतीने बोलते, हेही कायद्याला मान्य आहे. मृत व्यक्तीने धंद्याच्या ओघात केलेली नोंद साक्ष्य अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली पुराव्यात येऊ शकते. मालकाच्या डोक्यात साठवलेला हिशेब मात्र त्याच्याबरोबरच स्मशानात जातो, आणि वारसांच्या वाट्याला येते ती देणेकऱ्यांची सहानुभूती.

आगीच्या विम्याच्या दाव्यात याहून निराळे संकट असते. दुकान जळाल्यावर सर्वेक्षक येतो, तो राखेपेक्षा अधिक काळजीने कागद पाहतो: खरेदीची बिले, साठ्याची नोंदवही, आणि बँकेला दिलेले मालसाठ्याचे मासिक पत्रक. पुष्कळ दुकानदार कर्जमर्यादा टिकावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखवतात, कर कमी बसावा म्हणून विवरणपत्रात तो आखडून दाखवतात, आणि विमा उतरवताना तिसराच आकडा देतात. हे तीन आकडे वर्षानुवर्षे एकमेकांना भेटत नाहीत. आगीच्या दुसऱ्या दिवशी ते एका टेबलावर येतात. त्या वेळी तिघांपैकी कोणता खरा, हे सांगताना मालकाला उरलेल्या दोन ठिकाणी आपण खोटे बोललो होतो, अशी कबुली द्यावी लागते. फौजदारी बाजूही विसरता येत नाही. मालकाला फसवण्याच्या हेतूने हिशेबात खोटी नोंद करणाऱ्या वा वही नष्ट करणाऱ्या कारकुनाला भारतीय न्याय संहितेच्या ३४४ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण खरी नोंद कोणती होती हे दाखवणारी पद्धत नसेल, तर खोटी कोणती हे तरी कोणत्या मापाने मोजणार?

यंत्रातली वही

वही आता कापडी पुठ्ठ्यातून संगणकात आणि खिशातल्या फोनमध्ये गेली, म्हणून प्रश्न सुटला असे नाही; त्याने वेष बदलला. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निर्णयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे, हे पक्के केले, आणि साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने त्या प्रमाणपत्राला पक्षकाराचा व तज्ज्ञाचा असे दोन भाग दिले. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरफाराची नोंद राखणारी, आणि ती सोय बंद करता येणार नाही अशी प्रणाली सक्तीची आहे. एकट्या मालकाच्या दुकानाला ती सक्ती नसली, तरी मार्चअखेर सगळी बिले एका रात्रीत 'मारून' घेण्याच्या सवयीपुढे यंत्र मोठा धोका ठेवते: कागदावरची शाई वकिलाला नजरेने ओळखावी लागत होती, यंत्र तर नोंद कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला झाली हे स्वतःच लिहून ठेवते.

या सर्व शिस्तीचा खर्च आहे, हा आक्षेप खरा आहे. पहाटे भाजीमंडईत जाणाऱ्या, दिवसभर दुकानात उभ्या राहणाऱ्या माणसाला रात्री कीर्द लिहिण्याची उमेद राहत नाही, आणि लेखापालाची फी प्रत्येकाला पेलते असेही नाही. करकायद्यांनी उलाढालीप्रमाणे पायऱ्या आखल्या, त्या याच जाणिवेतून. पण आतापर्यंतचा आढावा पाहिला तर दिसेल की, कायद्याने छोट्या माणसाकडून ताळेबंदाचे पांडित्य मागितलेले नाही. क्रमांक असलेले बिलबुक, माल उतरवणाऱ्याची सही, घर आणि धंदा यांचे वेगळे खाते, वर्षातून एकदा बाकीची लेखी कबुली, आणि न खोडलेली चूक, एवढीच त्याची मागणी आहे. आणि यांतल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही.

त्या दुकानदाराचा दावा पुढे तडजोडीत मिटला. मागणीच्या निम्म्याहून कमी रक्कम पदरात पडली. न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना त्याने मला विचारले की, आता चांगल्या जाड कागदाची, पक्क्या बांधणीची वही घ्यावी का? मी म्हटले, वही कोणतीही घ्या. चिठ्ठ्या टोचायला एक तार मात्र आजच घ्या.